रक्तपेशींची जडणघडण आणि एक दक्ष विकर

काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, म्हणजे तांबड्या पेशींचा समूह दिसू लागतो. निरोगी माणसाच्या रक्तातील पेशी सारख्या आकाराच्या, वाटोळ्या आणि मध्यभागी किंचित फिकट अशा असतात. शरीरात लोह कमी पडलेल्या स्त्रीच्या रक्तात मात्र त्याच पेशी आकाराने लहान होतात आणि मधला फिकट भाग इतका पसरतो की, पुष्कळ पेशींचे केवळ एक तांबूस कडे तेवढे उरते. लोह नाही म्हणून रंग नाही, हा अर्थ कोणालाही सहज उमगण्यासारखा आहे. परंतु पेशी लहान का व्हावी? लोहाचा संबंध रंगाशी. मग आकार का घटावा?

हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. त्याचा माग काढता काढता शास्त्रज्ञ तांबड्या पेशीच्या आत दक्षतेने काम करणाऱ्या एका विकरापर्यंत, म्हणजेच एन्झाइमपर्यंत, पोहोचले. तेच विकर सिकलसेल या आनुवंशिक रोगाच्या उपचारासंबंधीच्या संशोधनात 2018 पासून पुन्हा पुढे आले आहे. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात व नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत, सिकलसेल आणि लोहाच्या अभावी होणारा रक्तक्षय हे दोन्ही एकाच गावात, क्वचित एकाच घरात आढळतात. त्यामुळे या विकराची हकीकत केवळ प्रयोगशाळेपुरती मर्यादित राहत नाही.

प्रौढ माणसाच्या अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे 20 लाख नव्या तांबड्या पेशी तयार होतात. रक्तात आलेली पेशी सुमारे 120 दिवस जगते; जितक्या पेशी रोज नष्ट होतात तितक्या रोज घडवाव्याच लागतात. या सर्व पेशींचा उगम मज्जेतील मूलपेशींत होतो. मूलपेशीला प्रारंभी कोणतीही पेशी होण्याची मोकळीक असते. पांढरी पेशी, रक्तबिंबिका किंवा तांबडी पेशी. एकदा तांबड्या पेशीचा मार्ग ठरला की ती टप्प्याटप्प्याने विभागत जाते, दर टप्प्यावर लहान होते, हीमोग्लोबिनने भरू लागते आणि अखेरीस आपले केंद्रकही बाहेर टाकून देते. या क्रमाला विभेदन असे म्हणतात. पूर्ण वाढलेल्या एका तांबड्या पेशीत हीमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात. पेशीतील प्रथिनांचा फार मोठा भाग या एकाच पदार्थाचा असतो. शरीरातील दुसरी कोणतीही पेशी आपले सर्वस्व अशा रीतीने एका कामाला वाहून घेत नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

हीमोग्लोबिनचा प्रत्येक रेणू दोन प्रकारच्या सामग्रीतून जुळवला जातो. ग्लोबिन नावाच्या प्रथिनाच्या 4 साखळ्या, आणि प्रत्येक साखळीच्या कुशीत बसणारा हीम नावाचा एक रंगीत घटक. हीमच्या मध्यभागी लोहाचा एक अणू असतो व तोच प्राणवायू धरून ठेवतो. हीम तयार होण्याच्या शेवटच्या पायरीवर हा अणू त्यात बसविला जातो. ग्लोबिनची निर्मिती मात्र पेशीच्या दुसऱ्या भागात, दुसऱ्या यंत्रणेकडून होते. अडचण अशी की, यांपैकी कोणताही घटक एकटा राहिला तर तो पेशीला अपाय करतो. जोडीदार न मिळालेले हीम पेशीच्या आवरणाला इजा करते. हीमवाचून राहिलेल्या ग्लोबिनच्या साखळ्या विरघळून राहत नाहीत. त्यांचा साका होतो आणि त्या गाठींनी पेशी मरू लागते. तेव्हा दोन्ही कामे एकमेकांशी मेळ राखून चालली पाहिजेत. एका बाजूचा माल थांबला तर दुसऱ्या बाजूला ते ताबडतोब कळावयास हवे.

सशांच्या रक्तात सापडलेला धागा

ही बातमी कशी पोहोचते, याचा पहिला सुगावा 1960 च्या दशकात अमेरिकेत लागला. नुकतेच केंद्रक टाकलेल्या सशाच्या अपक्व तांबड्या पेशींवर आयर्व्हिंग लंडन व त्यांचे सहकारी प्रयोग करीत होते. हीम घातले असता ग्लोबिनची निर्मिती वाढते, असे त्यांनी 1965 साली दाखवून दिले. पुढे अशा पेशी फोडून मिळविलेल्या द्रवावर अनेक प्रयोगशाळांनी काम केले. परीक्षानळीत ठेवलेला हा द्रव काही मिनिटे जोमाने प्रथिने तयार करतो. हीम घातलेले नसेल तर थोड्याच वेळात काम एकाएकी मंदावते. हीम घातले तर ते पुष्कळ वेळ चालू राहते. येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. ग्लोबिनच्या साखळ्या बनविण्यासाठी हीमची कच्चा माल म्हणून आवश्यकता नसते. साखळ्या अमिनो आम्लांच्या बनतात आणि ती त्या नळीत भरपूर होती. मग काम थांबले ते मालाच्या अभावी नव्हे, तर कोणीतरी ते थांबविले म्हणून.

थांबविणारा तो घटक म्हणजे हीमच्या नियंत्रणाखाली वागणारे एक कायनेज निघाले. त्याचा उल्लेख एचआरआय या आद्याक्षरांनी करतात. दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेटचा लहानसा गट चिकटवून त्याचे वर्तन बदलणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. कचेरीत फाइलीवर एखादा शेरा पडावा आणि तिची पुढील वाटचाल त्या शेऱ्यावर ठरावी, तसाच हा प्रकार आहे. एचआरआयच्या अंगी हीम धरून ठेवण्याची जागा असते. पेशीत हीम पुरेसे असेपर्यंत ही जागा भरलेली राहते व विकर निष्क्रिय असते. हीम घटले की जागा रिकामी होते, विकर जागे होते आणि प्रथिननिर्मितीचा प्रारंभ करून देणाऱ्या एका घटकावर फॉस्फेटचा शेरा मारते.

शेऱ्याची किमयाही पाहण्यासारखी आहे. प्रारंभ करून देणारा हा घटक प्रत्येक वेळी काम केल्यावर निकामी होतो, आणि त्याला पुन्हा कामाला लावणारा एक साहाय्यक घटक असतो. साहाय्यकांची संख्या थोडी असते. शेरा पडलेला घटक साहाय्यकाला जखडून ठेवतो व सुटू देत नाही. त्यामुळे सर्वांवर शेरा मारण्याची गरज पडत नाही. काही थोड्यांवर मारला तरी सगळे काम अडते. लोह आले, हीम तयार झाले, की शेरा पुसणारी विकरे आपले काम करतात आणि ग्लोबिनची निर्मिती पूर्ववत सुरू होते.

एचआरआयची जनुकीय संहिता 1991 मध्ये जेन-जेन चेन यांच्या गटाने सशाच्या पेशींतून मिळविली. त्यानंतर दहा वर्षांनी, 2001 मध्ये, याच संशोधनपरंपरेतून आकाराच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मिळाले.

विकरावाचून वाढलेले उंदीर

एचआरआयचे जनुक काढून टाकलेले उंदीर वाढविण्यात आले. नेहमीचा आहार मिळत असता ते जवळजवळ निरोगीच दिसत. मग त्यांना लोह नसलेला आहार देण्यात आला. सामान्य उंदरांत अशा वेळी माणसासारख्याच लहान व फिकट पेशी दिसतात. या उंदरांत तसे झाले नाही. त्यांच्या पेशींचा आकार आणि रंग जवळजवळ नेहमीसारखाच राहिला! वरवर पाहणाऱ्याला ही सुधारणाच वाटावी. प्रत्यक्षात त्यांचा रक्तक्षय अधिक तीव्र होता. हीम नसतानाही ग्लोबिन तयार होतच राहिले, पेशींत त्याच्या गाठी साचल्या, आणि मज्जेत व प्लीहेत घडत असलेल्या पेशी पूर्णत्वाला जाण्यापूर्वीच मोठ्या संख्येने मेल्या. ज्या थोड्या रक्तात पोहोचल्या, त्या तेवढ्या भरलेल्या दिसत होत्या.

म्हणजे लोहाच्या अभावात दिसणारी लहान, फिकट पेशी हे निव्वळ बिघाडाचे लक्षण नव्हे. ती काटकसरीची खूण आहे. असलेल्या लोहात जितके हीम होईल तितकेच ग्लोबिन करावयाचे, पेशी लहान राहिली तरी चालेल, पण ती जगली पाहिजे, असा हा हिशोब आहे, आणि तो एचआरआय सांभाळते. दुष्काळात पेरणी थोडी करावी पण उगवलेले जगवावे, या शेतकऱ्याच्या शहाणपणाची येथे आठवण होते.

प्रत्येक रक्तक्षयात पेशी लहानच होते असे मात्र नाही. 1928 मध्ये लूसी विल्स या इंग्लिश वैद्य मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करताना त्यांना नेहमीपेक्षा मोठ्या पेशी आढळल्या. यीस्टच्या अर्काने हा विकार बरा होतो, हे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे त्यातील गुणकारी द्रव्य फॉलिक आम्ल असल्याचे निश्चित झाले. तेथे लोहाची नव्हे, तर केंद्रकाच्या विभाजनाला लागणाऱ्या सामग्रीची उणीव होती. पेशी वाढत राहिली, विभागली मात्र नाही. सरकारी आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या गोळीत लोह आणि फॉलिक आम्ल ही दोन्ही असतात, यामागे हा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा मुंबईच्या गिरणगावातून आलेला आहे.

लोहाची गोळी सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात रक्तातील नव्या, अपक्व पेशींची संख्या वाढू लागते. हीमचा पुरवठा होताच एचआरआयने घातलेला बंध सैल होतो. हीमोग्लोबिन पूर्वपदावर येण्यास आणखी काही आठवडे लागतात. यकृतातील व मज्जेतील लोहाचा साठा भरण्यास त्याहूनही पुढे काही महिने जावे लागतात. थकवा गेला म्हणून गोळी सोडणाऱ्या स्त्रीच्या शरीरात साठा रिकामाच राहतो आणि पुढच्या बाळंतपणात किंवा पुढच्या अतिरक्तस्रावात काटकसरीचा कारभार पुन्हा सुरू होतो. रक्तक्षय प्रतिबंधक गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम 1970 मध्ये सुरू झाला. 2018 पासून 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' या नावाने त्याला नवे रूप मिळाले आणि गर्भवतीसाठी 180 दिवस, तसेच प्रसूतीनंतर 180 दिवस रोज एक गोळी असे प्रमाण ठरले. असे असूनही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण देशात 57 टक्के व महाराष्ट्रात 54 टक्के आढळले. हा सर्वच रक्तक्षय लोहाच्या तुटीचा असतो असे नाही. पण त्याचा मोठा वाटा तिचा असतो. गोळ्यांचे वाटप किती झाले याची नोंद पुष्कळ ठिकाणी चोख असते, गोळ्या किती पोटात गेल्या याची नसते, हे येथे नमूद करणे भाग आहे.

लहान पेशी दिसली म्हणजे लोहच कमी आहे, असा तर्कही घाईचा ठरतो. थॅलसेमियाच्या वाहकाच्या पेशीही लहान व फिकट असतात. तेथे लोह पुरेसे असते. उणीव असते ती ग्लोबिनच्या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी एकीची. दुसरी साखळी उरते, गाठी होऊ लागतात, आणि त्या ताणामुळेही एचआरआय जागे होते. बीटा थॅलसेमिया असलेल्या उंदरांतून हे विकर काढून टाकले तेव्हा गर्भ जन्मापूर्वीच मृत झाले, असे 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसून आले. वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्यांच्या पेशी लहानच राहतात, त्यांची हीमोग्लोबिन ए-2 ची तपासणी होणे म्हणूनच अगत्याचे असते. पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात चारात एक या प्रमाणात गंभीर रोग असलेले मूल होण्याचा संभव असतो.

सिकलसेलशी जडलेले नाते

सिकलसेलमध्ये ग्लोबिनच्या एका साखळीतील एकच अमिनो आम्ल बदललेले असते. प्राणवायू सोडल्यावर असे हीमोग्लोबिन एकमेकांस चिकटून त्याच्या लांब काड्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ती बारीक रक्तवाहिन्यांत अडकते व त्यातून असह्य वेदना, जंतुसंसर्ग आणि अवयवांची हानी उद्‍भवते. हे दुखणे घेऊन जन्मलेले अर्भक मात्र पहिले काही महिने ठीक असते. 1948 मध्ये जॅनेट वॉटसन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ स्त्रीने याचे कारण सुचविले. गर्भात असताना बालकाच्या पेशींत निराळे, गर्भकालीन हीमोग्लोबिन असते. ते या काड्यांत सामील होत नाही. जन्मानंतर त्याची निर्मिती हळूहळू बंद पडते व रोग प्रकट होतो. ज्यांच्यात ती प्रौढपणीही बऱ्यापैकी चालू राहते, त्यांचा आजार सौम्य असतो. भारतातील अनेक रुग्णांत गर्भकालीन हीमोग्लोबिन अधिक आढळते. तरीही मध्य भारतातील रुग्णांमध्ये तीव्र दुखणे दुर्मिळ नाही.

बंद पडलेली ही निर्मिती पुन्हा कशी उघडावी, हा तेव्हापासूनचा प्रश्न. हायड्रॉक्सियुरिया हे औषध काही अंशी हे काम करते व ते तुलनेने स्वस्त आहे. बीसीएल-11-ए नावाचे प्रथिन या निर्मितीचे दार बंद ठेवते असे पुढे उमगले. रुग्णाच्याच मूलपेशी बाहेर काढून त्यांतील या प्रथिनाचे जनुक तांबड्या पेशींपुरते निष्प्रभ करण्याच्या उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने संमती दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठरली. गडचिरोलीतील किंवा धडगावातील मजुराच्या मुलाच्या दृष्टीने हा आकडा अर्थशून्य आहे.

स्वस्त गोळीचा शोध म्हणूनच चालू आहे. 2018 मध्ये फिलाडेल्फियातील संशोधकांनी माणसाच्या घडत्या तांबड्या पेशींतील कायनेज विकरे एकामागून एक निष्प्रभ करून पाहिली. इतर विकरांनी विशेष काही घडले नाही. एचआरआय काढले तेव्हा मात्र गर्भकालीन हीमोग्लोबिन लक्षणीय वाढले. सिकलसेलच्या रुग्णांच्या पेशींवर प्रयोगशाळेत हे केले असता विळ्याचा आकार घेणाऱ्या पेशी घटल्या. एचआरआय दबले की एका मध्यस्थ प्रथिनाची निर्मिती कमी होते, त्यामुळे बीसीएल-11-ए घटते आणि बंद दार किलकिले होते, अशी ही साखळी पुढे उलगडली. कायनेजला अडविणारी गोळी बनविणे औषधशास्त्राच्या आटोक्यातील असते. रक्ताच्या एका कर्करोगावर 2001 पासून दिले जाणारे इमॅटिनिब हे त्याचे ठळक उदाहरण आहे. शिवाय एचआरआय मुख्यत्वे तांबड्या पेशींच्या घडणीतच भरपूर असते, त्यामुळे अन्य अवयवांना त्रास कमी होईल अशी आशा आहे.

पण चित्र इतके सरळ नाही. 2013 मध्ये अमेरिकेतीलच दुसऱ्या एका गटाने याच्या उलट दिशेने प्रयोग केला होता. प्रारंभक घटकावरील फॉस्फेटचा शेरा पुसला जाऊ न देता तो टिकवून धरला, तेव्हाही गर्भकालीन हीमोग्लोबिन वाढले. एकाच कळीच्या दोन्ही बाजूंनी एकच दार उघडावे, ही बाब चमत्कारिक खरी. मार्ग भिन्न असावेत असे मानले जाते. निष्कर्ष काढण्यात घाई करू नये एवढे तरी त्यातून समजते. उंदरात आणि माणसात या यंत्रणेचे तपशील अगदी सारखे नाहीत, हीही अडचण आहे.

दुसरी अडचण भारताच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. लोहाच्या अभावी काटकसर करणारे आणि गर्भकालीन हीमोग्लोबिनचे दार बंद राखण्यास हातभार लावणारे विकर एकच आहे. ज्या रुग्णाच्या शरीरात लोह पुरेसे आहे त्याचे एचआरआय दाबले तर कदाचित लाभच होईल. ज्याचे लोह संपत आले आहे त्याचे दाबले, तर 2001 मधील त्या उंदरांची गत होण्याचा धोका आहे: पेशी दिसावयास भरलेली, आणि मज्जेत मरणाऱ्या पेशींचा खच. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये चाचण्या होऊन आलेले औषध निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या प्रदेशात तसेच्या तसे लागू होईल, असे गृहीत धरता येणार नाही.

येथे एक उलटा धोकाही आहे. सिकलसेलच्या ज्या रुग्णांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांच्या शरीरात लोहाचा साठा प्रमाणाबाहेर वाढतो. हीमोग्लोबिन कमी दिसले म्हणून अशा मुलाला शाळेत सरसकट लोहाची गोळी देणे हितावह नसते. परंतु सिकलसेल असलेल्या सर्वांनाच लोह वर्ज्य, हा समजही तितकाच चुकीचा आहे. ज्यांना रक्त चढविले जात नाही आणि ज्यांचा आहार निकृष्ट आहे, त्यांच्यात लोहाची खरी तूट असू शकते. लहान पेशी पाहून हा निर्णय करता येत नाही, हीमोग्लोबिनच्या आकड्यावरूनही नाही.

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत रोगाचे निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. या तपासणीत व्यक्ती रुग्ण आहे, वाहक आहे की मुक्त आहे, एवढे ठरते. तिच्या शरीरात लोह किती आहे, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी रक्तातील फेरिटिनची निराळी तपासणी करावी लागते. ती जुनी व रूढ आहे, जिल्हा पातळीवर करता येण्यासारखी आहे. तापात किंवा अन्य दाहात फेरिटिन वाढलेले दिसते, एवढी दक्षता मात्र तपासणाऱ्याने घ्यावी लागते. एचआरआयला अडविणारे कोणतेही औषध अद्याप रुग्णांच्या नित्य उपचारात आलेले नाही. ते येईल तेव्हा प्रत्येक रुग्णाला पहिली गोळी देण्यापूर्वी हाच आकडा पाहावा लागेल. आणि शाळेतील सिकलसेलग्रस्त मुलाला लोहाची साधी गोळी द्यावी की न द्यावी, हे ठरविण्यासाठी तो आजही पाहावा लागतो.